फुसेकी आणि यासगुई: वाचनालयाच्या सूचीसाठी सात-आठ महिने वापरल्यावर

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका जुन्या वाचनालयाची स्थानिक इतिहासाची सूची आम्ही गेले सात-आठ महिने अपाचे जेना या प्रकल्पातल्या फुसेकी या डेटाबेस सर्व्हरवर चालवतोय. क्वेरी, म्हणजे डेटाला विचारायचे प्रश्न, लिहायला समोर यासगुई हा ब्राउझरमधला एडिटर. दोन्ही ओपन सोर्स. सर्व्हर सांभाळायचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे वापरणारा आणि निगा राखणारा अशा दोन्ही बाजूंनी लिहितोय.

आमच्याकडे पुस्तकं चार भाषांत आहेत: मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू. १९३० च्या सोलापुरातल्या मार्शल लॉवर (लष्करी कायद्यावर) मराठीत काय आहे हे कुणीही कपाट उघडून सांगेल. तेलुगूत काय आहे ते तेलुगू वाचणाराच सांगणार. लिंक्ड डेटात, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या नोंदींच्या डेटात, मार्शल लॉ ही एकच नोंद असते, तिला चार भाषांतली नावं असतात आणि पुस्तकं त्या नोंदीला जोडलेली असतात. स्पार्कल या अशा डेटाच्या क्वेरी-भाषेत एक क्वेरी चालवली की चारही कपाटांतली पुस्तकं एका तक्त्यात येतात. हे पाहिल्यावर ग्रंथपाल मॅडमनी लगेच मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चारही हुतात्म्यांच्या नोंदी करायला घेतल्या.

विकिडेटा या विकिपीडियाच्या सोबतच्या खुल्या डेटासंचाशी जोडणी केल्यावर तर मजाच आली. ‘जन्मस्थळ सोलापूर’ एवढंच विचारलं तर १९१० साली शहरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस मिळतात, पण पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन सुटतात. जन्मगावापासून ‘कोणत्या प्रशासकीय विभागात’ हा धागा धरून जिल्ह्यापर्यंत वर चढ, असं क्वेरीत सांगितलं की तेही येतात. असे मार्ग एका ओळीत लिहायची सोय २०१३ च्या स्पार्कल १.१ मध्ये आली. मला ही भाषा आवडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

आता मराठीची अडचण. ‘सोलापूर’ शोधलं तर ‘सोलापुरात’ सापडत नाही, कारण सामान्यरूपात दीर्घ ऊकाराचा ऱ्हस्व होतो आणि स्पार्कल अक्षरंच जुळवतं. रेजेक्समध्ये (अक्षरांचा नमुना देऊन शोधायच्या पद्धतीत) दोन्ही उकार दिले की भागतं. ‘कऱ्हाड’चं दुखणं याहून वाईट. त्यातला ऱ्ह कुणी नुक्तावाल्या ऱ ने टाइप करतं, कुणी साध्या र ला हलंत आणि झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात, क्वेरीला ते वेगळे. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं युनिकोडचं नेहमीचं एनएफसी नॉर्मलायझेशनही त्यांना एक करत नाही. आम्ही डेटा भरण्याआधीच एका छोट्या पायथन स्क्रिप्टमधून सगळं एकसारखं करून घेतो. मराठी डेटा असेल तर हे पहिल्याच दिवशी करा, नंतर फार निस्तरावं लागतं.

फुसेकी बसवणं सोपं. झिप उघडायची, जावा हवं, ३०३० पोर्टवर सर्व्हर उभा. नेट नसलं तरी अडत नाही. मात्र जेना ५ ला जावा १७ लागतं आणि जुन्या संगणकांवर ते नसतं. टीडीबी२ या जेनाच्या डेटा-साठवणीत सतत बदल करत राहिलं की डिस्कवरची जागा फुगत जाते. मग जागा आटोपशीर करणारी कॉम्पॅक्ट ही आज्ञा चालवायची. ते झालं की शेजारी नव्या क्रमांकाचं डेटा फोल्डर तयार होतं, जुनं तपासून काढून टाकता येतं. यासगुई टॅबमधल्या क्वेरी ब्राउझरच्याच साठवणीत ठेवतं, म्हणून कामाची प्रत्येक क्वेरी आम्ही वेगळ्या फाइलमध्ये उतरवतो आणि डेटाची टर्टल फाइलही (लिंक्ड डेटा साध्या मजकुरात लिहायचा प्रकार) गिटमध्ये, म्हणजे फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात, असते.

एवढी खबरदारी उगाच नाही. विकिडेटाची क्वेरी सेवा २०१५ पासून ब्लेझग्राफ या डेटाबेसवर चालते. ब्लेझग्राफची मुख्य मंडळी ॲमेझॉनकडे गेली आणि त्याचा विकास थांबला. एवढी मोठी सेवा त्यावर उभी, म्हणून पर्याय शोधणं आलं. २०२५ मध्ये तर ताण कमी करायला शोधनिबंधांचा डेटा वेगळा काढावा लागला. म्हणून टूल निवडताना मी वेगाच्या आकड्यांच्या आधी शेवटचं रिलीज कधीचं आहे आणि बग नोंदवल्यावर कुणी उत्तर देतं का, ते बघतो. जेना २००० साली एचपीच्या प्रयोगशाळेत सुरू झालं, २०१२ पासून अपाचेचा स्वतंत्र प्रकल्प आहे आणि रिलीज नेमाने येतात. यासगुईचा परवाना एमआयटी, त्यामुळे मूळ काम मंदावलं तरी इतरांनी फोर्क, म्हणजे कोडची स्वतंत्र प्रत, काढून ते पुढे नेलं. फुसेकीच्या स्वतःच्या वेबपानातला क्वेरी एडिटरही त्याच घराण्यातला आहे. या मेंटेनर मंडळींचे आपल्यावर उपकार आहेत. नीट तपशील देऊन बग कळवणं एवढं तरी आपण करायलाच हवं.

नुसती नाव-लेखक-वर्ष अशी यादी असेल तर एक्सेल पुरे, यात पडू नका. पण भाषा अनेक, नावं अनेक आणि माणसं-गावं-घटना एकमेकांत गुंतलेल्या असतील तर ही जोडी जरूर घ्या. सोलापुरातल्या कुठल्याही वाचनालयाला आमच्या क्वेरींच्या फाइली आणि ती पायथन स्क्रिप्ट पेन ड्राइव्हवर द्यायला मी तयार आहे. फक्त संगणकावर जावा १७ आधी टाकून ठेवा.