खात्रीची दुसरी सुई: अपुऱ्या दिवसांच्या बाळाची शुगर मोजताना

नवजात विभाग सुरू करणाऱ्या एखाद्या मित्राचा फोन आला की व्हेंटिलेटर कुठला, बाळाला ऊब देणारे वॉर्मर किती, यावर तासभर बोलणं होतं. शुगर मोजायच्या यंत्राचा विषय निघालाच तर अगदी शेवटी: "ग्लुकोमीटर काय, आहेच की." गोव्यात डिचोलीला चार वॉर्मरचं युनिट चालवताना पहिली तीन वर्षं मीही हेच म्हणत होतो. आता कुणी विचारलं, तर सगळ्यात आधी याच विषयावर बोलतो.

आपल्या आकाराच्या युनिटसमोर खरे पर्याय तीन: औषधांच्या दुकानात मिळणारा घरगुती ग्लुकोमीटर, रुग्णालयांसाठी केलेला आणि पीसीव्हीचा, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या टक्केवारीचा, परिणाम वजा करणारा मीटर, आणि रक्तातले वायू व आम्लता मोजणारं ब्लड गॅसचं यंत्र. कातडीखाली बसवायचा सेन्सर मी यात धरत नाही. तो पेशींभोवतीच्या द्रवातली शुगर मोजतो, त्यामुळे रक्तातल्या बदलाच्या काही मिनिटं मागे असतो, आणि किलोभर वजनाच्या बाळाच्या मांडीवर तो सांभाळायला वेगळी माणसं लागतात.

घरगुती मीटरची बाजू आधी मांडतो, कारण ती कमकुवत नाही. थेंब अगदी लहान पुरतो, आकडा काही सेकंदांत येतो, आणि रात्री दहाला स्ट्रिप संपली तरी साखळीपासून बांद्यापर्यंत कुठेतरी मिळतेच. अडचण वेगळीच आहे. हे मीटर ज्या मानकावर उतरतात ते, आयएसओ 15197, मधुमेहाच्या रुग्णाने घरी स्वतः तपासणी करावी यासाठी लिहिलेलं आहे. 2013 च्या आवृत्तीप्रमाणे शुगर डेसिलिटरला 100 मिलिग्रॅमच्या खाली असताना शंभरातले 95 आकडे खऱ्या आकड्याच्या 15 मिलिग्रॅम इकडे-तिकडे आले की मीटर पास. ज्याची शुगर 85 आहे त्याला 95 दिसली तर काही बिघडत नाही. आमची उपचाराची रेघ 45 ची. खरी शुगर 45 असलेल्या बाळाला 30 दाखवणारा मीटरही पास आणि 60 दाखवणाराही पास. एका आकड्यावर शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं द्रावण, सुरू होतं, दुसऱ्यावर आपण निर्धास्त झोपतो.

त्यात पीसीव्हीची भर. रक्त दाट असेल तर साधी स्ट्रिप शुगर कमी दाखवते, पातळ असेल तर जास्त. मोठ्या माणसाचा पीसीव्ही चाळिशीच्या घरात असतो. नवजात बाळाचा 60 असला तरी आपण दचकत नाही. हे सगळं मला पाठ होतं. तरी एका जुलैच्या रात्री ते नव्याने शिकावं लागलं.

चौतीस आठवड्यांची जुळी होती. एक लालबुंद, दुसरं फिकट. वारेतून एकाचं रक्त दुसऱ्याकडे गेलेलं. दोन तासांनी शुगर केली. लाल बाळाची 36, फिकट बाळाची 54. लाल बाळाला ड्रिप लावली. फिकट बाळाला वाटीने दूध पाजून आईजवळ ठेवलं. सवयीने दोघांचे नमुने फ्लोराइडच्या ट्यूबमध्ये, बर्फात घालून म्हापशाला पाठवले होते. रिपोर्ट यायला दीड तास लागला. लाल बाळाची 50, फिकट बाळाची 40. ज्याला ड्रिप लावली त्याला तिची गरज नव्हती, आणि ज्याला आईजवळ ठेवलं होतं त्याच्यावरच लक्ष ठेवायला हवं होतं. दोन्ही आकडे 14 ने चुकले होते, म्हणजे मानकाच्या आत. त्या मीटरला दोष देण्यासारखं कागदावर काहीच नव्हतं.

दोन्ही बाळं पुढे सुखरूप घरी गेली. पण त्या रात्रीनंतर आमच्या युनिटमध्ये एक सवय पडली, आणि माझ्यापुरता निर्णय झाला तो त्या सवयीमुळे. 50 च्या खालचा कुठलाही आकडा आला की सिस्टर माझ्याकडे बघायच्या आणि मी म्हणायचो, "पुन्हा करा." पुन्हा म्हणजे दुसरी सुई. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा दहाने वेगळा आला की लॅबसाठी तिसरी. दोन, सहा, बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस, बहात्तर तास हे वेळापत्रक कागदावर सहा टोचण्यांचं असतं. आमच्याकडे एका बाळाच्या दोन टाचांवर मी अकरा निळे ठिपके मोजले. ती टाच माझ्या अंगठ्याच्या नखापेक्षा थोडीच मोठी होती. टोचायला कडेची जागा तेवढी वापरायची, मधली नाही, म्हणजे खरी जागा त्याहून कमी. काचेबाहेर उभ्या असलेल्या आजीने विचारलं, "डॉक्टर, आनीक कितले फावट तोपतले?" (आणखी किती वेळा टोचणार?) माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तिसरी सुई बाळाच्या आजारासाठी नव्हती, आमच्या मीटरवर आमचा विश्वास नव्हता म्हणून होती.

लॅब हाच खरा निकष, हे मान्य. पण लॅबचा आकडाही वाटेत बदलतो. ट्यूबमधल्या तांबड्या पेशी शुगर खात राहतात. मोठ्यांच्या रक्तात ताशी पाचसात टक्के, नवजात बाळाच्या दाट रक्तात त्याहून जास्त. फ्लोराइड घातलं तरी पहिला तासभर ही घट पूर्ण थांबत नाही, म्हणून बर्फ. साध्या ट्यूबमधून दीड तासाने आलेला 28 हा आकडा मी आता वाचतही नाही.

ब्लड गॅसचं यंत्र या सगळ्यात सर्वांत भरवशाचं, यात मला शंका नाही. पीसीव्हीचा अडथळा जवळजवळ नाही, दोन-तीन मिनिटांत आकडा, सोबत पीएच, लॅक्टेट, हिमोग्लोबिन. बाळ व्हेंटिलेटरवर असेल, बेंबीतून लाइन, म्हणजे रक्तवाहिनीत घातलेली नळी, असेल आणि गॅस होणारच असेल, तर शुगर त्यातूनच घ्यावी. वेगळं टोचू नये. फक्त लाइनमधून टेन परसेंट डेक्स्ट्रोज चालू असेल तर सांभाळा. ते द्रावण म्हणजे डेसिलिटरला 10,000 मिलिग्रॅम. नमुन्यात त्याचा शंभरावा भाग मिसळला तरी शुगर 100 ने वाढून दिसते आणि खाली दबलेली कमी शुगर कुणालाच दिसत नाही. हातमोज्याला लागलेल्या डेक्स्ट्रोज जेलनेही हेच होतं.

पण गॅसला साधारण 0.1 मिली रक्त लागतं. किलोभराच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून 90 मिलीच्या आसपास रक्त. फक्त शुगरसाठी दिवसाला सहा वेळा तेवढं काढणं मला पटत नाही. टाचेतून केशनळी भरायची तर रक्त मोकळं वाहायला हवं. सिस्टर टाच दाबतात, नळीत गुठळी होते, आणि पुन्हा तीच दुसरी सुई. शिवाय कार्ट्रिज उघडलं की त्याचे दिवस मोजलेले, बाळं असोत वा नसोत. बांबोळीच्या मेडिकल कॉलेजसारख्या मोठ्या विभागाचं गणित वेगळं. आमच्या चार वॉर्मरना ते पेलत नाही.

राहिला मधला पर्याय. या मीटरची स्ट्रिप शुगरसोबत त्याच थेंबातला पीसीव्हीही मोजते आणि आकडा त्यानुसार दुरुस्त करून देते. स्टॅटस्ट्रिप हे त्यातलं बऱ्याच जणांना ठाऊक असलेलं नाव, 1.2 मायक्रोलिटर रक्त, 6 सेकंद. आमच्याकडे याच जातीचा मीटर गेली चार वर्षं आहे. त्याच्या खोड्याही सांगतो. स्ट्रिप महाग पडते आणि दुकानात मिळत नाही, पुरवठादारावरच भिस्त. एकदा ऐन चवथीत, म्हणजे गणपतीत, पाच दिवस माल आला नाही आणि कपाटातला जुना मीटर काढावा लागला. पावसाळ्यात डबीचं झाकण नीट न लावण्याची चूक इथेही तेवढीच महागात पडते. म्हणून आम्ही डबीवर उघडल्याची तारीख घालतो आणि झाकण लागल्याचा "टक" आवाज ऐकल्याशिवाय हात काढायचा नाही, असं नव्या सिस्टरना पहिल्याच दिवशी सांगतो. स्पिरिट पूर्ण वाळू देणं, पाय आधी कोमट करणं, पहिला थेंब पुसणं, यातून कुठलाच मीटर सुटका देत नाही.

तरीही काय बदललं म्हणाल, तर आमच्या रजिस्टरमधला "पुन्हा" हा शेरा. पूर्वी तो जवळजवळ प्रत्येक पानावर असायचा. आता आठवडा-आठवडा दिसत नाही. लॅबला नमुना मी अजूनही पाठवतो, 40 च्या खालच्या आकड्याला आणि वारंवार कमी येणाऱ्या बाळाला, पण उपचार त्या रिपोर्टसाठी थांबवत नाही. तुमच्याकडे गॅसचं यंत्र आधीच असेल आणि बहुतेक बाळं लाइनवर असतील, तर कदाचित तुमचा कौल वेगळा पडेल आणि तो चूक म्हणता येणार नाही. नव्याने घेत असाल, आणि बाळं आमच्यासारखी बत्तीस ते छत्तीस आठवड्यांची असतील, तर पैसे मधल्या मीटरवर घालावेत असं मला वाटतं.

घेण्याआधी तो आठवडाभर युनिटमध्ये मागून घ्या. एखादं लालबुंद आणि एखादं फिकट बाळ येईपर्यंत थांबा, त्याच टोचणीतला नमुना फ्लोराइडमध्ये, बर्फात घालून तासाच्या आत लॅबला पोचवा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा. आणि चवथीच्या आठवड्यात स्ट्रिप कोण आणून देणार, हे पुरवठादाराकडून ऑर्डरवरच लिहून घ्या.