चौदा महिने एमएक्स-५, आणि अधूनमधून मित्राची जीआर८६

माझ्याकडे माझदाची २०२२ची एमएक्स-५ ही दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार आहे, क्लब मॉडेल, मॅन्युअल. मित्राकडे टोयोटाची स्पोर्ट्स कार, जीआर८६. महिन्यातून एखाद्या रविवारी, उजाडता उजाडता, आम्ही कॅलिफोर्नियातल्या साराटोगाहून हायवे ९ने वर चढतो आणि डोंगरमाथ्यावरच्या स्कायलाइन रस्त्याला पोचलो की किल्ल्यांची अदलाबदल करतो. रस्ता तोच, हवा तीच, त्यामुळे फरक लगेच कळतो.

एमएक्स-५ वळणात कलते, आणि बरीच कलते. पहिले दोन महिने मला याची धास्तीच होती. आता तेच मला सगळ्यात आवडतं. लहानपणी वरंध घाटात एसटीच्या बाकावर बसलं की वळण किती आवळ आहे ते डोळ्यांआधी कमरेला कळायचं, तसंच इथे होतं. सीट जवळजवळ मागच्या चाकांपाशी असल्यामुळे बाहेरच्या चाकावर वजन कधी आलं, पकड किती उरली, हे आधीच समजतं. जानेवारीत रेडवूडच्या उंच झाडांच्या सावलीतल्या ओल्या पट्ट्यावर मागची बाजू वीतभर सरकली. मी दचकायच्या आधी हातांनी स्टेअरिंग सावरलं होतं.

जीआर८६चं नाक जास्त चपळ. बॉक्सर इंजिन खाली, आडवं बसलेलं, त्यामुळे कलणं कमी. माझी गाडी साधारण १०६० किलोची, ती दोनशे किलोंनी जड, पण चालवताना ते वजन कुठे जातं कळत नाही. स्कायलाइनच्या लांब, वेगवान वळणांवर ती निर्विवाद सरस आहे. मध्येच उंचवटा आला तरी रेषा सोडत नाही. माझी तिथे जराशी तरंगते. शिवाय २.४ लिटर आणि २२८ हॉर्सपॉवर! वळणातून बाहेर पडताना ती तिसऱ्या गिअरमध्येच ओढते, मला दुसरा टाकावा लागतो. मागच्या सीटवर माणूस बसणं कठीण, पण किराणा मावतो. माझ्या १३० लिटरच्या डिकीत दोन पिशव्या.

तुलना करणाऱ्यांना एकच कळकळीची विनंती: आधी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, तपासा. टायर बदलल्यावर एका दुकानात मी ती करून घेतली आणि चार महिने गाडी सरळ रस्त्यावरही अस्वस्थ वाटत राहिली. मला वाटलं, जीआर८६ चालवून माझी सवय बदलली. शेवटी एकदा पुढच्या टायरवरून हात फिरवला, तर आतली कड करवतीसारखी लागली. टो, म्हणजे चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, चुकला होता. दुसरीकडे नीट करून घेतला, आणि त्याच संध्याकाळी माझी जुनी गाडी परत मिळाली. त्या चार महिन्यांतली माझी सगळी मतं मी रद्द धरली आहेत.

रोज ट्रॅकवर जाणार असाल तर जीआर८६ घ्या. मला हायवे ९ची आवळ वळणं मिळतात, आणि तिथे मी माझी किल्ली परत मागून घेतो.