चाळीस मिनिटांत मिळालेलं सर्टिफिकेट

न्यू जर्सीत वाहतुकीचा गुन्हा केला की लायसन्सच्या नोंदीवर पॉइंट, म्हणजे दोषांक, चढतात. गाडी चालवणाऱ्यांना 'ते पॉइंट कमी करून देतो' म्हणत लुबाडणाऱ्यांची पद्धत ठरलेली आहे. एकदा समजून घेतली तर पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचतात.

घडतं ते असं. ताशी 65 मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर 82 ने जाताना पोलिसांनी थांबवलं. दंड ऑनलाइन भरून टाकला, म्हणजेच गुन्हा कबूल केला, आणि लायसन्सवर चार पॉइंट चढले. रात्री फोनवर शोधलं तर सगळ्यात वर जाहिरात: 'डीएमव्ही-मान्य डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग (सुरक्षित ड्रायव्हिंगचा कोर्स), पन्नासही राज्यांत चालतो, सगळे पॉइंट साफ, फक्त 20 डॉलर.' वर राज्याच्या मुद्रेसारखं चित्र. फॉर्ममध्ये नाव, जन्मतारीख, लायसन्स नंबर, सोशल सिक्युरिटी नंबर, कार्ड. मग 'पुढे, पुढे' दाबत स्लाइड सरकवायच्या, शेवटी दहा प्रश्न, उत्तर चुकलं तरी पास. चाळीस मिनिटांत सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट ईमेलवर. दोन दिवसांनी 'राज्याचं नोंदणी शुल्क' म्हणून आणखी 35 डॉलर, आणि तेही 'झेल' या बँकेतून थेट पैसे पाठवण्याच्या सोयीने पाठवा. काही महिन्यांनी विम्याचं नूतनीकरण येतं, सवलत नाही. नोंद काढून बघावी तर चारही पॉइंट जागच्या जागी.

खोटेपणा पहिल्याच ओळीत होता. डीएमव्ही हे बऱ्याच राज्यांत लायसन्स देणाऱ्या खात्याचं नाव. न्यू जर्सीत मात्र 2003 पासून हे खातं मोटार व्हेईकल कमिशन म्हणून ओळखलं जातं, सगळे एमव्हीसीच म्हणतात. इतर राज्यांतून नव्याने आलेल्या माणसाला 'डीएमव्ही' खटकत नाही, आणि फसवणाऱ्याला तेवढंच हवं असतं. 2025 मध्ये दंड थकल्याचे जे बनावट मेसेज फिरले, त्यांतही 'न्यू जर्सी डीएमव्ही' असंच लिहिलेलं होतं.

'पन्नास राज्यं' हीही थापच. प्रत्येक राज्य आपापले कोर्स मंजूर करतं. न्यूयॉर्कच्या कोर्सने न्यू जर्सीच्या लायसन्सवरचे पॉइंट उतरत नाहीत.

आणि 'सगळे पॉइंट साफ' करणारा कोर्स इथे नाहीच. मान्यताप्राप्त डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगने दोनच पॉइंट वजा होतात, आणि तेही पाच वर्षांतून एकदा. गुन्ह्याची नोंद तशीच राहते. शिवाय वजा व्हायला आधी पॉइंट नोंदीवर असावे लागतात. तिकीट मिळालं म्हणून घाईने, पॉइंट चढायच्या आतच कोर्स उरकला, तर खरा कोर्ससुद्धा त्या बाबतीत वाया जातो. बरं, वर्षभर एकही गुन्हा नाही आणि लायसन्स निलंबित नाही, तर तीन पॉइंट आपोआप कमी होतात, छदाम न मोजता. हे कोणतीच जाहिरात सांगत नाही, आणि आम्हाला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. दोन पॉइंटसाठी घाबरून पैसे भरणाऱ्या कितीतरी जणांना फक्त शांतपणे गाडी चालवत वर्ष काढायचं असतं.

म्हणून कार्ड बाहेर काढण्याआधी एमव्हीसीकडून आपल्या लायसन्सच्या नोंदीचा उतारा, म्हणजे ड्रायव्हर अ‍ॅब्स्ट्रॅक्ट काढा, 15 डॉलर पडतात. खरंच किती पॉइंट आहेत ते त्यात दिसतं. मग मान्यताप्राप्त संस्थांची यादी एमव्हीसीच्याच साइटवर बघा. पत्ता 'एनजे डॉट गव्ह' (nj.gov) या सरकारी साइटचा आहे ना, हे अक्षर न् अक्षर वाचून. कोर्सवाल्याच्या पानावरच्या लिंकवरून तिथे जाऊ नका. वर्गातला कोर्स साधारण सहा तासांचा असतो, त्यामुळे तासाभरात संपवून देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. लायसन्स नंबर मागणं रास्त आहे, कारण त्याशिवाय नोंद होणार नाही. सोशल सिक्युरिटी नंबर मागितला की पान बंद करा.

कोर्स झाल्यावर सर्टिफिकेटची प्रत विमा कंपनीला स्वतः पाठवा, कारण तीन वर्षांची सवलत तिथून मिळते. काही आठवड्यांनी पुन्हा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट काढून दोन पॉइंट वजा झालेत का बघा.

पैसे गेलेच असतील तर क्रेडिट कार्डाच्या बँकेला लगेच कळवा. चुकीच्या आकारणीवर लेखी हरकत घ्यायला स्टेटमेंट पाठवल्यापासून 60 दिवस असतात. झेलने गेलेले पैसे परत येणं फार अवघड, तरी बँकेत तक्रार करून ठेवा. सोशल सिक्युरिटी नंबर दिला असेल तर पैशांपेक्षा तो धोका मोठा: इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या कर्जाची नोंद ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे त्याच दिवशी क्रेडिट फ्रीझ करा, म्हणजे तुमच्या नावाने कुणाला नवं कर्ज काढणं अवघड होतं; ते फुकट आहे. एकीकडे केलेला फ्रीझ दुसरीकडे लागू होत नाही, म्हणून तिन्ही ठिकाणी वेगवेगळा करावा लागतो. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या केंद्रीय खात्याकडे तक्रार नोंदवा, आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट आणि पैसे भरल्याची पावती जपून ठेवा. पान पुढच्या आठवड्यात गायब झालेलं असतं.