मास्त्रिख्तचा फ्रायटहोफ चौक : कॉन्सर्ट बघा, पण चौकासाठी वेगळी सकाळ ठेवा

यूट्यूबवर डच व्हायोलिनवादक आंद्रे रियूची जुलैमधली कॉन्सर्ट बघून नेदरलँड्समधल्या मास्त्रिख्त गावच्या त्या चौकात जायचंच असं ठरवत असाल, तर एक गोष्ट आधीच सांगते. कॉन्सर्टच्या दिवसांत हा चौक दिवसा मोकळा बघायला मिळत नाही. स्टेज, लाइटचे सांगाडे, खुर्च्यांच्या रांगा, बॅरिकेड, सगळं भरलेलं असतं, आणि दगडी फरसबंदीवर निवांत फिरू, समोरून चर्चचे फोटो काढू असं डोक्यात असेल तर निराशा होते. म्हणून जमलं तर कॉन्सर्टचे दिवस सोडून एखादी सकाळ फक्त चौकासाठी ठेवा, तेवढ्यासाठी जावं इतका तो सुंदर आहे.

आता कॉन्सर्ट. रियू मूळचा याच गावचा, 1949 चा जन्म, 1987 मध्ये स्वतःचा योहान स्ट्राउस ऑर्केस्ट्रा काढला आणि 2005 पासून दर उन्हाळ्यात इथे वाजवतो. मधे कोरोनात खंड पडला तेवढाच. सगळा ऑर्केस्ट्रा वाजवत वाजवत प्रेक्षकांमधून चालत स्टेजवर येतो, तिथेच अंगावर काटा येतो. रात्री नऊला सुरू होते पण जुलैत तिथे सूर्य पावणेदहाच्या आसपास मावळतो, त्यामुळे सुरुवातीची गाणी लख्ख उजेडात होतात आणि मग हळूहळू आकाश गडद होत जातं, चर्चवर लाइट चढतात, लोक वॉल्ट्झ सुरू झाला की खुर्च्यांमधल्या वाटेत उठून नाचायला लागतात, सत्तरीतली जोडपीसुद्धा, आणि कुणाला कशाचा संकोच नसतो. ही मजा बंद हॉलमध्ये येणार नाही. शास्त्रीय संगीताचे कडक रसिक याला हलकंफुलकं म्हणतात, म्हणोत बापडे, इतक्या लोकांना एका वेळी इतकं खूश करणं सोपं नाही.

तिकिटं खूप आधी संपतात. चौकाच्या कडेच्या कॅफे-रेस्टॉरंटमध्ये जेवणासकट टेबल मिळतं, पण तिथून स्टेज बाजूनं दिसतं आणि बरंचसं स्क्रीनवरच बघावं लागतं. मला विचाराल तर मधल्या खुर्च्या, मागच्या असल्या तरी चालतील. रेनकोट हवाच, उघड्यावर आहे आणि तिथल्या पावसाचा भरवसा नाही, छत्री उघडलीत तर मागच्याला काहीच दिसत नाही. रात्री थंडी पडते, जॅकेटही घ्या.

चौकाच्या पश्चिमेला दोन चर्च अगदी शेजारी शेजारी, मधे फक्त एक अरुंद गल्ली. एक सेंट सर्व्हेशियसची बॅसिलिका, कॅथलिक, चौथ्या शतकातल्या बिशपच्या कबरीच्या जागेवर उभी, आतला खजिना वेळ काढून बघा. दुसरं सेंट जॉनचं, प्रोटेस्टंट, त्याचा लालभडक बुरूज गावात बऱ्याच ठिकाणांहून दिसतो. दोनशेच्या वर पायऱ्या आहेत, गोल जिना, अरुंद, गुडघ्याचा त्रास असेल तर नकोच, पण वर गेलं की बॅसिलिकेची छपरं, मास नदी आणि खाली अख्खा चौक दिसतो. खरं तर कॉन्सर्टच्या गडबडीत चौक नीट बघायची हीच एक जागा. चौकातच सोळाव्या शतकातली स्पॅनिश गव्हर्नमेंट नावाची इमारत आहे, तिथे आता फोटोग्राफीचं म्युझियम आहे, ते आम्ही घाईत उरकलं.

चालत पाचेक मिनिटांवर तेराव्या शतकातल्या डोमिनिकन चर्चमध्ये चक्क पुस्तकांचं दुकान आहे, उंच कमानींखाली काळ्या लोखंडी मजल्यांवर पुस्तकं रचलेली. मी तिथून हलायलाच तयार नव्हते. नदीकडे गेलात तर तेराव्या शतकातला दगडी पूल आणि पलीकडे स्टेशन. स्टेशन ते चौक पायीच या, गाडी अजिबात आणू नका, कॉन्सर्टच्या रात्री रस्ते तुंबलेले असतात.

राहायचं मात्र आधी बघा. त्या दिवसांत हॉटेलांचे दर चढलेले असतात आणि चौकाला लागून खोली घेतली तर रिहर्सलचे आवाजही ऐकायची तयारी ठेवा. नदीपलीकडे स्टेशनजवळ राहिलात तर रात्री कॉन्सर्टनंतर गर्दीबरोबर पुलावरून चालत दहा-पंधरा मिनिटांत खोलीवर पोचता. सीमेपलीकडे जर्मनीतल्या आखेन किंवा बेल्जियममधल्या लीएजला मुक्काम असेल तर परतीची शेवटची ट्रेन किती वाजता आहे ते तिकीट काढायच्या आधीच तपासा, कार्यक्रम उशिरापर्यंत चालतो आणि एकामागून एक जादाची गाणी चालू असताना मधेच उठून जाणं फार जिवावर येतं.