आठ महिने डिएन होंग: युन्नानच्या लाल चहाचा वापरानंतरचा अनुभव

नोकरीनिमित्त चीनमध्ये ग्वांगजौला येऊन मला दीड वर्ष झालं, त्यातले गेले आठ महिने मी रोज सकाळी डिएन होंग पितेय, म्हणून आता लिहायला हरकत नाही. डिएन हे युन्नान प्रांताचं जुनं नाव आणि होंग म्हणजे लाल. आपण ज्याला काळा चहा म्हणतो त्याला इथे लाल चहा, होंगछा म्हणतात, कारण नाव कपातल्या रंगावरून पडलंय. शब्दशः काळा चहा मागितला तर मुरवलेला वेगळाच प्रकार हातात देतात, तेव्हा दुकानात होंगछाच म्हणा.

मी कराडची, दूध-आलं घातलेल्या उकळलेल्या चहावर वाढलेली, आणि तो चहा मी अजूनही पिते. हा त्याच्याऐवजी नाही, हा वेगळा आहे, आणि हे कळायला मला पहिले दोन महिने लागले कारण सुरुवातीला मी हा पण पातेल्यात टाकून चांगला खळखळ उकळला, वर दूध घातलं, आणि जे झालं ते ना धड कडक ना धड गोड, मागे नुसता तुरटपणा. शंभर ग्रॅममधला निम्मा असाच गेला. आपली चहापावडर सीटीसी असते, पान चिरडून, फाडून, वळवून दाणे केलेले, ती दोन मिनिटांत सगळं सोडते आणि दुधाला पुरून उरते. हे अख्खं पान आहे, नुसतं वळलेलं, हळूहळू उलगडतं, त्याला आधणात शिजवायचंच नसतं.

गंमत म्हणजे झाड आपल्या आसामचंच, मोठ्या पानाची आसामिका जात. युन्नानमध्ये ही झाडं पूर्वापार आहेत पण तिथे होंगछा बनवायला लागले ते फार उशिरा, १९३८-३९ मध्ये. जपानशी युद्ध पेटलेलं, पूर्वेकडचे होंगछाचे भाग अडचणीत आलेले, निर्यात तर चालू ठेवायची होती, तेव्हा फंग शाओछ्यू नावाच्या चहातज्ज्ञांना युन्नानला पाठवलं. त्यांनी शुन्निंगला, म्हणजे आताच्या फंगछिंगला, तिथल्या मोठ्या पानाचा होंगछा करून बघितला आणि १९३९ मध्ये पहिला माल हाँगकाँगमार्गे लंडनला गेला. पान तेच पण हात वेगळा, हे मला फार आवडतं. आसामचा कडकपणा या चहात खाली कुठेतरी जाणवतो, फक्त तो अंगावर येत नाही.

मी घेतला तो फांगत्सुनच्या बाजारातून. इथला चहाचा मोठा होलसेल बाजार, गल्ल्याच्या गल्ल्या नुसत्या चहाच्या. दुकानात गेलं की आधी बसवतात, समोर चार-पाच प्रकार करून पाजतात, घाई नाही की काही नाही. कप भरला की टेबलावर दोन बोटं हलकेच आपटायची, ते इथलं थँक्यू, माझ्या ऑफिसमधल्या मैत्रिणीने शिकवलं. मी दोन घेतले, एक पूर्ण सोनेरी कळ्यांचा, अर्ध्या किलोला ६०० युआनच्या भावाने, आणि दुसरा काळं पान आणि मधे मधे सोनेरी टोकं असलेला, अर्ध्या किलोला २०० युआन.

आता खरं मत. दिसायला सोनेरीवाला इतका देखणा की पाकीट उघडून नुसतं बघत बसावं, सगळ्या कळ्यांवर मऊ लव. चव मधाळ, अगदी हलकी, रविवारी निवांत बसून प्यायला सुंदर. पण रोज सकाळी मला मिसळ पानाचाच, म्हणजे तो काळं पान-सोनेरी टोकंवालाच हवा असतो. त्याला अंग आहे. पहिल्या घोटाला काकवीसारखं काहीतरी येतं, मग कपाच्या रिकाम्या तळाचा वास घेतला तर भाजलेलं रताळं, अक्षरशः उपासाला निखाऱ्यात भाजतो तसलं, सालीपाशी जरा करपलेलं. इथले लोक पण या वासाला रताळ्याचाच वास म्हणतात हे कळल्यावर मला कुणीतरी आपलं भेटल्यासारखं झालं. गिळल्यानंतर मिनिटभराने घशात गोडवा परत येतो, आणि साखर एक दाणाही नसते. तिप्पट पैसे देऊन कळ्या घेण्यापेक्षा पहिल्यांदा घेणाऱ्याने हा स्वस्तातलाच घ्यावा असं मी मनापासून सांगेन.

करायची पद्धत. माझ्याकडे ११० मिलीचा गायवान आहे, म्हणजे झाकण-बशीवाला चिनी मातीचा वाडगा. त्यात ५ ग्रॅम पान, काटा घ्याच, कारण अख्खं पान फुललेलं असतं आणि चमच्याने अंदाज साफ चुकतो. पाणी उकळून एखाद-दोन मिनिटं थांबायचं, ९० ते ९५ डिग्री, नुसत्या कळ्या असतील तर अजून थोडं कमी. पाणी पानावर धो धो ओतू नका, कडेने सोडा. पहिला कप १० सेकंद आणि लगेच पूर्ण ओतून काढायचा, थेंबभरही पाणी आत ठेवायचं नाही, कारण राहिलेलं पाणी पुढचा कप तुरट करतं. दुसरा पण १०, मग १५, २०, ३०, असं वाढवत सात-आठ कप आरामात निघतात. तिसरा सगळ्यात छान लागतो. काही जण पहिलं पाणी धुवायचं म्हणून फेकतात, मी नाही फेकत, या चहाचा पहिला कपच सगळ्यात सुगंधी असतो. गायवान काठोकाठ भरला तर बोटं भाजतात, काठाच्या खालपर्यंतच भरा आणि वरच्या बाहेर वळलेल्या कडेलाच धरा. ऑफिसात एवढं जमत नाही तेव्हा ३०० मिलीच्या मगला ३ ग्रॅम, ३ मिनिटं, गाळून घ्यायचा. चालतो, चांगला लागतो, फक्त प्रत्येक कपाची चव बदलत जाते ती मजा नाही.

दोन गोष्टींनी मी सुरुवातीला घाबरले होते. एक, कपात बारीक सोनेरी धूळ तरंगते, ती धूळ नाही, कळ्यांवरची लव असते. दुसरं म्हणजे एकदा जरा दाट केलेला कप विसरून गेले, तासाने बघते तर गढूळ, दूध सांडल्यासारखा. मला वाटलं खराब झाला. पण थंड होताना चहातलं कॅफिन आणि लाल रंग देणारी द्रव्यं एकमेकांना धरतात त्यामुळे तसं होतं, परत गरम केला की निवळतो, आणि इथले जाणकार याला चांगल्या पानाची खूण मानतात.

नुकसान झालं ते साठवणुकीत, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. ग्वांगजौत वसंतात हुइनानथ्यन म्हणून एक प्रकार येतो, दमट गरम वारा आत शिरतो आणि थंड भिंतींना, फरशीला अक्षरशः घाम फुटतो. माझा सोनेरी कळ्यांचा चहा तेव्हा नुसत्या क्लिपच्या पाकिटात होता. तीन आठवड्यांत मूळ वास गेला, पान हाताला मऊ लागायला लागलं, वाळकी ठिसूळ कुरकुर गेली. आता घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, आत फॉइलचं पाकीट, आणि मसाल्याच्या कपाटापासून लांब. आपल्या कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात पण हीच काळजी घ्या.

चिनी नववर्षाच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा आईसाठी घेऊन गेले होते. घरी बोअरचं पाणी, त्यात केला तर रंग काळपट, वर तेलकट पापुद्रा आणि वास गायब. पाण्यात कॅल्शियम जास्त असलं की असं होतं. आई एक घोट घेऊन म्हणाली, "रंग आहे गं, पण दम नाही." मला फार लागलं ते. दुसऱ्या दिवशी प्यायच्या पाण्याचा जार आणला होता त्यात परत केला, काही बोलले नाही, नुसता कप पुढे ठेवला. दोन घोट झाल्यावर तिने कप नाकाशी नेला, "अगं, हा रताळ्याचा वास कुठून येतोय?" त्या दिवशी आम्ही दोघींनी एकाच पानाचे सहा कप प्यायले. रात्री मात्र तिला झोप लागली नाही, कळ्यांत कॅफिन चांगलंच असतं, तेव्हा दुपारी चारनंतर नको.

दुधाचं विचाराल तर मिसळ पानाचा दाट करून, २०० मिलीला ५ ग्रॅम, ५ मिनिटं, वर थोडं गरम दूध, इतपत बरा लागतो. आलं-वेलची घालू नका, रताळं-काकवी सगळं बुडून जातं, त्यासाठी आपली पावडरच चांगली.

मे महिन्यात या वर्षीच्या वसंतातला नवा माल आला, त्यातला अर्धा किलो मिसळ पानाचाच घेतलाय. दुकानात करून पाजला तेव्हा ताज्या भट्टीचा दर्प अजून होता, तो दोन-तीन महिन्यांत ओसरतो. त्यामुळे डब्यावर तारीख लिहून ठेवलीय आणि फोडलेला नाही, गणपतीला कराडला जाईन तेव्हा आईसमोरच फोडणार आहे.