मरणाऱ्या पेशी दाखवणारे ॲनेक्झिन किट : दोन वर्षांच्या वापरानंतरचे मत

पेशीमृत्यू आणि रोगप्रतिकारशक्ती यांचा संबंध तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ॲनेक्झिन-व्ही हे चमकणारा रंग जोडलेले प्रथिन आणि प्रोपिडियम आयोडाइड हा रंग यांचे किट जवळजवळ रोज लागते. गेली दोन वर्षे मी असे एक किट थायमस या छातीतील प्रतिकारग्रंथीच्या पेशी, न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी आणि मॅक्रोफेज या भक्षक पेशी यांच्यावर वापरत आहे. किट चांगले आहे. मात्र सोबतच्या माहितीपत्रकात केलेला एक दावा मला मान्य नाही.

जिवंत पेशी फॉस्फॅटिडिलसेरीन हा स्निग्ध रेणू ऊर्जा खर्च करून आवरणाच्या आतल्या थरात राखून ठेवते. ॲपॉप्टोसिस, म्हणजे पेशीचा शिस्तबद्ध आत्मनाश, सुरू झाला की कॅस्पेस नावाची प्रथिने तोडणारी विकरे ही राखण करणारे प्रथिन तोडतात आणि दोन्ही थर मिसळणारे दुसरे प्रथिन जागे करतात. त्यामुळे तो रेणू बाहेरच्या पृष्ठभागावर येतो, मॅक्रोफेज त्यावरून पेशी ओळखतात आणि दाह न होऊ देता ती गिळतात. ॲनेक्झिन कॅल्शियमच्या मदतीने नेमके याच रेणूला चिकटते, म्हणजे शरीर जी खूण वाचते तीच आपणही वाचतो, आणि या पद्धतीचे खरे बळ मला यातच वाटते. प्रोपिडियम आयोडाइड मात्र आवरण अभेद्य उरले नसेल तरच आत शिरून डीएनएला रंग देते.

वापर सोपा आहे. बफरमध्ये धुतलेल्या सुमारे 1 लाख पेशी, दोन्ही रंग, अंधारात 15 मिनिटे आणि तासाभराच्या आत फ्लो सायटोमीटर, म्हणजे एकेका पेशीचा रंग मोजणारे यंत्र. ॲपॉप्टोसिस घडवणारे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलेल्या थायमसच्या पेशींमध्ये आधी केवळ ॲनेक्झिन घेतलेला गट आणि काही तासांनी दोन्ही रंग घेतलेला गट इतका स्वच्छ वेगळा दिसतो की नवख्या विद्यार्थ्यालाही आलेख वाचता येतो. चिकटून वाढणाऱ्या पेशींच्या बाबतीत मात्र जपावे लागते. त्या सोडवण्यासाठी वापरलेल्या ट्रिप्सिन या विकराबरोबरचे ईडीटीए हे रसायन नीट धुतले गेले नाही तर ते कॅल्शियम पकडून ठेवते आणि रंग फिका पडतो. पेशी खरवडून काढल्या तर आवरणे फाटतात आणि मृत्यूचे प्रमाण खोटेच वाढते. आमचे पहिले काही प्रयोग यामुळेच वाया गेले, आणि माहितीपत्रकात याबद्दल एक ओळही नव्हती.

माझा मुख्य आक्षेप याहून गंभीर आहे. दोन्ही रंग घेतलेल्या पेशींना माहितीपत्रक सरसकट ‘उशिराचा ॲपॉप्टोसिस’ म्हणते. मॅक्रोफेजना आधी लिपोपॉलिसॅकराइड हा जिवाणूंच्या आवरणातील घटक आणि मग नायजेरिसिन हे पेशीतील पोटॅशियम बाहेर काढणारे रसायन दिले, तर कॅस्पेस-1 गॅस्डर्मिन-डी हे प्रथिन तोडते, त्याचे तुकडे आवरणाला छिद्रे पाडतात आणि पेशी पायरोप्टोसिसने, म्हणजे दाह पेटवणाऱ्या मृत्यूने, मरते. या पेशीही दोन्ही रंग घेतात आणि आलेखावर त्याच चौकोनात जाऊन बसतात. नेक्रोप्टोसिस या पेशी फुटून होणाऱ्या आणखी एका नियंत्रित मृत्यूत तर आवरण फुटण्याआधीच फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर आलेले असू शकते, म्हणजे केवळ ॲनेक्झिन घेतलेली पेशीसुद्धा ॲपॉप्टोसिसनेच मरत आहे असे ठामपणे म्हणता येत नाही. प्रतिकारशास्त्राच्या अभ्यासकाला हा भेद गौण मानून चालत नाही, कारण ॲपॉप्टोसिसमध्ये पेशी निमूटपणे गिळली जाते, तर पायरोप्टोसिसमध्ये इंटरल्यूकिन-1 बीटा हा दाहाचा संदेश देणारा रेणू बाहेर पडून आजूबाजूला दाह पेटतो. ज्या प्रश्नासाठी प्रयोग मांडला त्याच प्रश्नावर हे किट गप्प राहते, आणि माहितीपत्रक त्या मौनाला उत्तर म्हणून पुढे करते.

म्हणून मी आता याच नमुन्यातून सक्रिय कॅस्पेस-3 हे ॲपॉप्टोसिसचे विकर वेगळे तपासतो, फाटलेल्या पेशींतून माध्यमात गळालेले लॅक्टेट डिहायड्रोजिनेज हे विकर मोजतो आणि कॅस्पेस रोखणारे झेड-व्हॅड हे रसायन घातलेला एक गट शेजारी ठेवतो. किती पेशी मरत आहेत आणि कधी, एवढेच जाणून घ्यायचे असेल तर हे किट निःशंकपणे घ्यावे. कशा मरत आहेत हे सांगायचे असेल, तर या पूरक तपासण्यांचा खर्च आणि वेळ आधीच हिशेबात धरावा आणि नवी बाटली उघडताना ॲनेक्झिनचे योग्य प्रमाण स्वतःच्या पेशींवर पुन्हा ठरवून घ्यावे.