पाणी लागलेल्या जुन्या स्पीकरच्या पेट्यांसाठी फेविकॉल मरीन: कुठे घ्यावा, कुठे घेऊ नये

सुटलेलं विनियर (पेटीवरचा पातळ लाकडी पापुद्रा) आणि उघडलेले सांधे यांच्यासाठी फेविकॉल मरीन, म्हणजे ओलीत टिकणारा लाकडाचा पांढरा डिंक, घ्याच. फुगून भुसभुशीत झालेल्या चिपबोर्डात (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डात) मात्र तो ओतू नका. पुण्यात दुरुस्तीला येणाऱ्या पेट्या दोन तऱ्हेच्या: जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत शिरलं तसलं पुराचं पाणी लागलेल्या, आणि पावसाळाभर ओल्या भिंतीला टेकून राहिलेल्या. दुसऱ्या तऱ्हेत खराबी बहुधा तळाच्या दोन-तीन इंचांपुरती असते. ती पेटी वाचते.

डिंकाचा डबा उघडण्याआधी पेटी वाळली पाहिजे. वायरींचे फोटो काढून ड्रायव्हर (आवाज काढणारे गोल भाग), क्रॉसओव्हर (त्यांच्यात आवाज वाटून देणारं सर्किट), आतला कापूस बाहेर काढा. तळाखाली पट्ट्या देऊन पेटी सावलीत, पंख्यासमोर दोन-तीन आठवडे ठेवा. उन्हात नको, विनियर आधी आक्रसतं, आतला बोर्ड ओलाच राहतो आणि वर चिरा जातात. ओलावा मोजायचं मीटर चिपबोर्डावर नेमका आकडा देत नाही, म्हणून पेटीच्या कोरड्या राहिलेल्या वरच्या भागाशी ताडून पाहा. दोन्ही आकडे जुळले की कामाला लागा. घाई नसेल तर काम ऑक्टोबरवर ढकललेलं बरं.

विनियरला फुगा आला असेल तर लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच ब्लेडने चीर द्या. आत गाळ असेल तर पॉलिश पेपरची पट्टी सरकवून तो आधी काढा, नाहीतर कुठलाही डिंक धरणार नाही. मग ५ मिलीच्या सिरिंजला जाड सुई लावून थोडाच डिंक सोडा, बोटाने पसरवा, बाहेर आलेला ओल्या फडक्याने लगेच पुसा. तो वाळला की तिथे पॉलिश शिरत नाही आणि फिकट डाग कायमचा राहतो. वर बटर पेपर, सपाट फळी आणि शिकंजा, २४ तास. साधा फेविकॉल एसएचही चिकटवतो, पण पुन्हा ओल लागली की मऊ पडतो. मरीन दमट हवेत टिकतो. डबा ताजा घ्या. घट्ट झालेला डिंक सुईतून उतरत नाही.

आता चिपबोर्ड. पांढऱ्या डिंकात जवळजवळ निम्मं पाणीच असतं. सुटलेला भुसा ते पितो आणि दाबून बसवलेला बोर्ड पुन्हा फुगतो. इथे हळू वाळणारं पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा, पाणी नसलेला डिंक) हवं. आतल्या बाजूने दोन-दोन सेंटीमीटरवर ३ मिमीची छिद्रं पाडून ते मुरवा, दोन्हीकडे प्लास्टिक ठेवून फळ्यांमध्ये आवळा. १८ मिमीचा बोर्ड २२ वर गेला असेल आणि नखाने कण सुटत असतील, तर तो भाग कापा. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) छापलेला मरीन प्लाय आणा, जाडी मूळचीच ठेवा. आतलं घनमान बदललं की खर्जही बदलतो.

जोडून झाल्यावर आतल्या सगळ्या सांध्यांवरून मरीनचा जाड थर बोटाने ओढा. या कामाला यापेक्षा सोपी वस्तू नाही. बंद पेटी (हवेचं भोक नसलेली) असेल तर वाळल्यावर वूफर, म्हणजे खर्जाचा मोठा ड्रायव्हर, बसवून त्याचा कोन (पुढचा पडदा) हलकेच आत दाबा आणि सोडा. तो सावकाश परतला तर पेटी हवाबंद आहे. झटकन उसळला तर कुठेतरी फट आहे, आणि ती बहुधा मागच्या टर्मिनलच्या पट्टीपाशी सापडते.